शामाने ढापलेली चाल

मी बासरी वाजवतो हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण ते ज्या सुरात सांगितलं जातं तो सूर मला मान्य नाही. कोपऱ्यावरच्या घराला ओल आहे, पलीकडच्या कुत्र्याला खरूज आहे आणि पाक मार्गोनो बासरी वाजवतात, अशी ती माहिती एका दमात दिली जाते. (इकडे मोठ्या पुरुषाला 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.) नवीन भाडेकरू आला की घरमालक त्याला भाडं सांगायच्या आधी माझ्याबद्दल सांगतो. मागाहून भांडण नको म्हणून.

दिवसभर मी सालातिगाच्या नगरपालिकेत दफनभूमी खात्याच्या टेबलाशी बसतो. तिथे आपण ज्यांची सोय लावतो त्यांच्याकडून कौतुकाचा शब्द येत नाही, पण तक्रारही येत नाही. त्यामुळे माझा स्वभाव शांत आहे, असं लोक म्हणतात. आतला कलावंत मात्र शांत नव्हता. रविवारी आणि लग्नसराईत मी 'मेलाती' नावाच्या केरोंचोंग मंडळात वाजवतो. एक व्हायोलिन, एक बासरी, दोन छोट्या गिटारी, बोटांनी छेडायचा एक चेलो, आणि एक गायिका, जिला बहुतेक वेळा सर्दी असते. केरोंचोंग हे हळवं, संथ गाणं. लग्नात ते लागतंच, जसा भाताबरोबर कुरकुरीत पापड लागतो. नसला तर लोक विचारतात, असला तर त्याच्याकडे कुणी बघत नाही. आम्हाला बसवतात तेही जेवणाचं टेबल आणि मोठा पंखा यांच्या मधे, म्हणजे सूर आणि पुलावाचा वास एकाच दिशेला जातात.

एका लग्नात माझं वाजवणं संपल्यावर एक सभ्य गृहस्थ गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापाशी आले. मी बासरी मांडीवर ठेवली, चेहऱ्यावर विनय आणला. ते वाकून म्हणाले, "माफ करा, इथे बाथरूम कुठेय?" मी त्यांना रस्ता दाखवला. परत जाताना त्यांनी माझे फार मनापासून आभार मानले. कलाजीवनात मला मिळालेले ते एकमेव आभार.

आणि असं असूनही माझी स्वतःची एक चाल होती. 'मेर्बाबूवरची संध्याकाळ'. आमच्या गावावर मेर्बाबूचा डोंगर पाय पसरून बसलाय; संध्याकाळी ढग त्याच्या खांद्यावरून उतरायला लागतात तशी ती चाल उतरत जाते आणि मधेच एका उंच सुरावर चढते. त्या उंच सुरावर मी दर वेळी किंचित घसरतो. पण घसरण्यातही एक भाव आहे, असं माझं मत आहे. हे मत अजून तरी माझ्या एकट्याचंच आहे.

मला एकच हवं होतं. जवळच्या एका रेडिओ केंद्रावर रविवारी सकाळी केरोंचोंगचा कार्यक्रम लागतो. त्यात माझी चाल लागावी, निवेदिकेने माझं पूर्ण नाव घ्यावं, आणि ते गल्लीत प्रत्येक घरात ऐकू जावं. एवढ्यासाठी मी त्यांना तीनदा रेकॉर्डिंग पाठवलं. पहिल्यात मधेच साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, विकणारा ओरडत गेला. दुसऱ्यात माझ्या बायकोचा, एन्दांगचा, खलबत्ता ऐकू येत होता; मिरची कुटायला तिला नेमका तोच उंच सूर सापडला. तिसऱ्यात कुणीतरी खोकलं, आणि ते मीच होतो. केंद्रावरून उत्तर आलं की रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचे आवाज फार आहेत, आणि आतला आवाज त्या मानाने कमी आहे.

म्हणून मी ठरवलं की रोज पहाटे, गल्ली उठायच्या आधी, मागच्या अंगणात सराव करायचा आणि एक दिवस साधला की मोबाइल सुरू करून रेकॉर्डिंग उरकायचं. चहा पिण्याइतकं सोपं काम.

दुसऱ्याच सकाळी गल्लीप्रमुख पाक हार्जो दारात उभे. पाक हार्जो फार सौम्य माणूस. त्यांना गल्लीत एकोपा हवा असतो, आणि एकोप्याच्या नावाखाली ते प्रत्येकाला थोडं थोडं दुखावतात.

"पाक मार्गोनो, कुणाची तक्रार नाही," ते म्हणाले.

"मग ठीक आहे."

"पण सगळ्यांची मिळून थोडी नाराजी आहे. असं करू, पहाटेच्या वाजवण्याला शेजाऱ्यांची संमती घेऊ. चार सह्या आणा. सांस्कृतिक कार्य म्हणून मी शिक्का मारतो."

मी सह्यांना निघालो. समोरच्या बू विनार्तींनी सहीसाठी पेन हातात घेतलं आणि ते तसंच धरून त्या बोलत राहिल्या. "रागावू नका, पण वाजवताना तुमचा चेहरा फार दुःखी दिसतो. बघणाऱ्याला वाटतं घरात काही बरंवाईट झालंय. त्यात तुमचं खातंही तसलं. मी म्हणते, तुम्ही गातच का नाही? गाताना माणसाचे दात तरी दिसतात." मग त्यांनी घशासाठी मध, पोटासाठी आल्याचा काढा आणि यशासाठी पूर्वेकडे तोंड करून फुंकायला सांगितलं. पूर्वेकडे आमचा संडास आहे. तरीही मी दोन दिवस पूर्वेकडे फुंकलं.

खरी अडचण होती भिंतीपलीकडे. तिथे पाक जुमेरी राहतात. पूर्वी त्यांचं टायरचं दुकान होतं. आता दुकान मुलगा बघतो आणि पाक जुमेरी पक्षी बघतात. त्यांच्याकडे एक शामा आहे, काळा कुळकुळीत, पोट तांबूस, शेपटी धडापेक्षा लांब. त्याचं नाव सेनोपाती. पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा इकडे गावोगाव होतात आणि सेनोपातीने त्या जिंकाव्यात म्हणून पाक जुमेरींनी आयुष्य वाहून घेतलंय. त्याला सकाळी आंघोळ, मग ऊन, मग मुंग्यांची अंडी, मग जिवंत नाकतोडे, मग विश्रांती. मला घरात सोयाबीनचं तेम्पे मिळतं, आणि तेही कालचं असलं तर एन्दांग ते न सांगता तळते.

"सही करतो हो," पाक जुमेरी खिन्नपणे म्हणाले, "पण तुमची बासरी सुरू झाल्यापासून सेनोपाती गप्प झालाय. नुसता पिसं फुगवून बसतो."

"ऐकत असेल," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. ऐकून ऐकून खचलाय बिचारा."

अपमान गिळून मी सही घेतली आणि सराव चालू ठेवला. मी वाजवायचो, सेनोपाती पलीकडे पिसं फुगवून बसायचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात एकाग्र श्रोता मला तेव्हा मिळाला होता. नुसता श्रोता नव्हे, विद्यार्थी, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग एका सकाळी मी न्हाणीघरात अंगावर पाणी घेत असताना मला 'मेर्बाबूवरची संध्याकाळ' ऐकू आली. स्पष्ट, गोल, चकाकणारी. माझ्या हातातलं टमरेल तसंच राहिलं. मला वाटलं, लागली. रेडिओवाल्यांना अखेर समजलं. मी लुंगी सावरत, साबण लागलेल्या अंगाने बाहेर धावलो आणि ओरडलो, "अगं, आवाज मोठा कर."

एन्दांग ओट्याशी उभी होती. "कशाचा?" तिने विचारलं. रेडिओ बंदच होता.

चाल भिंतीपलीकडून येत होती. ढग खांद्यावरून उतरले, पायथ्याशी आले, आणि मग तो उंच सूर आला, आणि सेनोपाती त्या सुरावर घसरला नाही. माझा खोकलासुद्धा त्याने घेतला होता, पण कुठे तर कडव्यांच्या मधे, असा बेताने की तो मुद्दाम रचल्यासारखा वाटावा.

"तुमचंच आहे हे," एन्दांग म्हणाली. मग थोडं ऐकून म्हणाली, "म्हणजे असं वाजवायचं होतं होय तुम्हाला?"

पुढच्या रविवारी सेनोपाती गावच्या स्पर्धेत पहिला आला. पाक जुमेरींनी कमरेएवढा करंडक स्कूटरवर पुढे उभा करून गल्लीतून दोन चकरा मारल्या. मंगळवारी स्थानिक पेपरात फोटो आला. परीक्षकांनी म्हटलं होतं की अशी रचना आजवर कुठल्याच पक्ष्याकडून ऐकली नव्हती, ही निसर्गाची देणगी आहे, माणसाच्या हातून असं काही होणं नाही. मी तो पेपर ऑफिसात उघडून बसलो. माझ्या टेबलाशी आलेल्या एका शोकाकुल माणसाने माझा चेहरा पाहून स्वतःचं रडणं आवरलं आणि मलाच पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मी भिंतीपाशी गेलो. "पाक जुमेरी, तुमच्या पक्ष्याने माझी चाल घेतली आहे."

पाक जुमेरींना खरंच आश्चर्य वाटलं. माणूस लबाड नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. "तुमची? मला वाटत होतं तुम्ही त्याची नक्कल करताय. मी बायकोला म्हटलंसुद्धा, शेजारी जिद्दीचे आहेत, रोज पहाटे उठून प्रयत्न करतात. यश येत नाही ती गोष्ट वेगळी."

त्याच आठवड्यात एक लग्न होतं. मी व्हायोलिनवाल्या पाक लुकासना सांगितलं, आज माझी चाल घ्यायची, आता मागे हटायचं नाही. ते म्हणाले, घ्या, नाहीतरी कोण ऐकतंय. मी सुरू केलं, आणि काय सांगू, चमचे थांबले. लोक वळून बघायला लागले. एका बाईने तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला. मला वाटलं आता मी रडेन. चाल संपली तशी टाळी पडली. अगदी खरी टाळी, आणि एक गृहस्थ पुढे आले.

"सेनोपातीची ना ही?" ते म्हणाले. "छान उचलली आहे तुम्ही. वरच्या सुराला थोडे कमी पडता, पण माणसाच्या मानाने उत्तम."

यानंतर रेडिओ केंद्राचा फोन आला. निवेदिकाबाईंचा आवाज लोण्यासारखा. "पाक मार्गोनो बोलताय? तुम्हाला चाल..." त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीत बसलो. "तुम्हाला चालत असेल तर एक मदत हवी होती. तुमच्या शेजारी ते पाक जुमेरी राहतात ना, त्यांचा नंबर मिळेल? तुमचा आमच्याकडे होता. तुमची पाकिटं खूप आली होती म्हणून."

मी नंबर दिला. नकार देता आला असता. पण समोरचा गोड बोलला की माझ्यातला कारकून जागा होतो आणि माहिती देऊन टाकतो.

आणि अशा रीतीने 'मेर्बाबूवरची संध्याकाळ' रविवारी सकाळी रेडिओवर लागली. गल्लीत प्रत्येक घरात लागली. निवेदिकाबाईंनी पूर्ण नाव घेतलं: सेनोपाती, सालातिगा. एन्दांगने तळलेली केळी केली होती. तिने माझ्यापुढे बशी सरकवली आणि म्हणाली, "अहो, खोकला तरी तुमचाच आहे ना. ओळखणारे ओळखतील."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी रजा टाकून चालीची मालकी नोंदवायला सरकारी कचेरीत गेलो. खिडकीतला तरुण कारकून नीटनेटका होता. अशा माणसांची मला धास्ती वाटते.

"चाल कुणी बनवली?"

"मी."

"मग वाद कुणाशी आहे?"

मी स्वतः कारकून आहे. विचारलंय तेवढंच सांगावं, हे मी रोज समोरच्याला मनातल्या मनात बजावत असतो. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "एका पक्ष्याशी."

त्याने पेन खाली ठेवलं. "पक्षी राहतो कुठे?"

"शेजारी."

"म्हणजे एकाच गल्लीत. मग आधी गल्लीप्रमुखांचं पत्र लागेल की मिटवायचा प्रयत्न झाला आणि मिटलं नाही. आता असं बघा, पक्ष्याच्या बाजूने करंडक आहे, पेपर आहे, रेडिओ आहे. तुमच्या बाजूने काय?"

"माझी बायको साक्ष देईल."

"बायको घरचीच झाली. बाहेरच्या कुणी ऐकलीय ही चाल, पक्ष्याच्या आधी?"

"लग्नांत वाजवली आहे. शेकडो माणसं हजर होती."

"त्यातलं एक आणा," तो म्हणाला.

मी उभा राहून विचार करू लागलो. ते बाथरूमवाले गृहस्थ आठवले, पण ते घाईत होते. माझ्यामागची रांग खाकरायला लागली. तेवढ्यात त्या कारकुनाचा चेहरा एकदम उजळला. "थांबा, सेनोपाती? तो शामा? आणि तुम्ही त्याच्या शेजारी राहता?" त्याने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी कचेरीत मला बसायला खुर्ची मिळाली.

पत्रासाठी पाक हार्जोंकडे गेलो तर त्यांनी पत्राऐवजी सभा बोलावली. चहा, तळलेलं टोफू आणि एकोपा. बू विनार्ती म्हणाल्या की पक्षी आणि पाक मार्गोनो दोघेही आपलेच आहेत. कुणी म्हणालं, बासरीला पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून द्यावी. पाक जुमेरी भल्या मनाने म्हणाले की करंडक महिन्यातून एक आठवडा माझ्या घरी ठेवायला त्यांची हरकत नाही. एन्दांगने विचारलं, पुसायचा कुणी? शेवटी ठरलं की गल्लीच्या तोंडाशी जो फलक लागणार आहे, 'विजेत्या सेनोपातीच्या गल्लीत स्वागत', त्याच्या खाली माझंही नाव घालायचं. फलक लागला. रंगाऱ्याने सेनोपातीची शेपूट हौसेने लांब काढली होती, त्यामुळे खाली जागा उरली नाही आणि मजकूर 'बासरीसाथ: पाक मार्' इथेच संपला. पाक हार्जोंनी उरलेल्या रंगात गल्लीसाठी पिवळे टी-शर्टही छापून घेतले, पाठीवर पक्षी. मलाही एक मिळाला.

त्या दिवशी मी बासरी डब्यात बंद केली, डबा कपाटावर ठेवला आणि एन्दांगला सांगितलं की माझ्यापुरतं संगीत संपलं. ती म्हणाली, बरं. तिने जरा आग्रह करायला हवा होता असं मला वाटलं. तो तिने चौथ्या दिवशी केला, पण तेव्हा माझा रुसवा नीट मुरला होता.

परिणाम मात्र भिंतीपलीकडे झाला. सेनोपाती गायचा थांबला. आधी पाक जुमेरींनी नाकतोडे वाढवले. मग पिंजरा बदलला. मग मोबाइलवर त्याचंच रेकॉर्डिंग लावून दाखवलं. त्याने पाठ फिरवली. आणि शेजारच्या बोयोलाली गावची मोठी स्पर्धा आठवड्यावर आलेली. पाक जुमेरी माझ्या ओट्यावर येऊन बसले. हातात शेंगदाण्याच्या वडीचं पुडकं, डोळे सुजलेले.

"पाक मार्गोनो, तो तुमची वाट बघतो. रोज पहाटे भिंतीकडे तोंड करून बसतो. माझ्याकडे बघतही नाही. मी त्याला एवढंसं असल्यापासून भरवलंय हो."

त्यांनी पुडकं माझ्यापुढे सरकवलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो फार वेळ टिकला नाही. माझ्यासाठी कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलंय, ही बातमी पहिल्यांदाच कानावर येत होती.

"एक अट," मी म्हणालो. "स्पर्धेच्या कागदावर माझं नाव लागेल. चाल: मार्गोनो."

"लावू. वर लावू."

मी कपाटावरून डबा उतरवला, आणि पहाटे बासरी वाजली की सेनोपातीही गायला लागला. रविवारी आम्ही बोयोलालीला निघालो. त्यांच्या मुलाच्या छोट्या टेम्पोत पुढे पाक जुमेरी आणि एन्दांग, मागे मी, माझी बासरी आणि कापड घातलेला सेनोपाती. एन्दांग केवळ बाहेर जेवायला मिळेल म्हणून आली होती आणि तसं तिने निघतानाच स्पष्ट केलं. मी आणि पाक जुमेरी, दोघांच्याही अंगात पिवळे टी-शर्ट.

मैदानावर नोंदणीच्या टेबलाशी बसलेला माणूस म्हणाला, "पक्ष्याचं नाव आहे, मालकाचं नाव आहे. चाल असा रकाना नाही."

"समासात लिहा," पाक जुमेरी म्हणाले. शब्दाचा माणूस.

"समासात लिहिलेला पक्षी बाद होतो."

पाक जुमेरींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. माझं नाव लागलं नाही. शिवाय नियम होता: मालक आणि त्याची माणसं दोरीच्या बाहेर, शिट्टी नाही, हाक नाही, टाळी नाही. मी कुंपणाबाहेर जाऊन आमच्या टेम्पोपाशी उभा राहिलो. शेजारी एका म्हाताऱ्या बाईंची रोंदेची हातगाडी होती. आल्याचं गरम पाणी, त्यात पिठाच्या गोळ्या. एन्दांगने एक वाटी घेतली आणि दुसरी सांगितली.

फेरी सुरू झाली. लोखंडी दांड्यांना ओळीने पिंजरे टांगलेले, आणि सगळे शामा एकदम गायला लागले. बाजारात भाव पडल्यावर व्हावा तसा गलका. परीक्षक वही घेऊन खालून फिरत होते. फक्त सेनोपाती पिसं फुगवून बसला होता. दोरीपाशी उभे असलेले पाक जुमेरी आधी हळू आणि मग अंगात आल्यासारखे हातवारे करू लागले. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

नियमात शिट्टी होती, हाक होती, टाळी होती. बासरी नव्हती. मी टेम्पोच्या मागच्या फळीवर चढलो, बासरी ओठाला लावली आणि फुंकली.

सेनोपातीला जाग यावी, एवढाच माझा हेतू होता. पण पहिली ओळ गेली आणि जवळच्या रांगेतले पक्षी गप्प झाले. दुसऱ्या ओळीला मधले. मग सगळं मैदान. शंभरेक शामा माना तिरक्या करून बसले. पक्षी गप्प झाले म्हणून मालक गप्प झाले, परीक्षक वह्या धरून जागच्या जागी थांबले, चहावाल्याने बंब झाकला. मी डोळे मिटले होते. मला आधी वाटलं माझ्या कानाला दडा बसला. डोळे उघडले तर समोर माणसांनी भरलेलं सबंध मैदान, आणि त्यात माझ्या चालीखेरीज काही नाही. चमचा नाही, पंखा नाही, कुणी बाथरूम शोधत नाही. ढग मेर्बाबूच्या खांद्यावरून उतरत होते, आणि खरोखरचा मेर्बाबू मागे उभा होता.

शेवटचं कडवं बाकी असताना कुणीतरी ओरडलं, "तो बघा, टेम्पोवर."

पुढचं फार भराभर झालं. कुंपणावरून माणसं आली. कुणी माझा पाय धरला, कुणी टी-शर्ट. एक जण म्हणत होता, माझ्या पक्ष्याने सात महिने तयारी केली होती, त्याला काय सांगू मी आता? समितीचे अध्यक्ष घाम पुसत आले. त्यांनी पाक जुमेरींना बोलावून विचारलं, "यांना ओळखता?"

पाक जुमेरींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "नाही," ते म्हणाले. "कधी पाहिलं नाही."

अध्यक्षांनी त्यांचा पिवळा टी-शर्ट पाहिला, मग माझा पाहिला, मग आम्हा दोघांना पाठमोरं उभं करून पाठीवरचे पक्षी पाहिले. सेनोपाती बाद झाला. फेरी पुन्हा घ्यायचं ठरलं. आणि मला एका टेबलाशी नेऊन माझं पूर्ण नाव, गाव, वाद्य आणि वाजवलेल्या चालीचं नाव विचारण्यात आलं. मी सगळं सावकाश, अक्षर न अक्षर सांगितलं. चाल कुणाची, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी. त्यांनी ते लिहून घेतलं. साक्षीदार मागितला नाही.

मला कुंपणाबाहेर सोडलं तेव्हा मैदानावरचे सगळे कर्णे खरखरले. "कृपया इकडे लक्ष द्या. सालातिगाचे बासरीवादक श्री. मार्गोनो हार्दिविनोतो यांना स्वतः रचलेली 'मेर्बाबूवरची संध्याकाळ' ही चाल वाजवून पक्ष्यांची एकाग्रता भंग केल्याबद्दल या आणि यापुढच्या सर्व स्पर्धांतून कायमची बंदी घालण्यात येत आहे. पुन्हा सांगतो. बासरीवादक श्री. मार्गोनो हार्दिविनोतो."

मी ताठ उभा राहून ऐकलं. आवाज सुरेख होता, उच्चार शुद्ध. शेताच्या पलीकडच्या वस्तीपर्यंत गेला असणार.

"आडनावासकट घेतलं हो," एन्दांग वाटी खाली ठेवत म्हणाली. मग तिने माझ्या टी-शर्टवरची माती झटकली, आणि झटकून झाल्यावरही तिचा हात थोडा वेळ माझ्या खांद्यावर राहिला.

पाक जुमेरी टेम्पोच्या पायरीवर पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. तसे ते पुढे दोन आठवडे बोलले नाहीत. मी त्यांच्यापुढे रोंदेची वाटी धरली. ती त्यांनी न बोलता घेतली आणि न बोलता संपवली.

हातगाडीवाल्या बाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. आता पैसे मागतील म्हणून मी खिशात हात घातला, तर त्यांनी मान हलवली.

"ते मघाचं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खाली ओढलं तेव्हा थोडं राहिलं होतं ना? शेवट ऐकायचा राहिला."

मी खिशातून हात काढला. एन्दांगच म्हणाली, "अहो, मग पहिल्यापासून वाजवा. मधूनच कसं कळेल त्यांना?"

बाईंनी स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पदराने हात पुसून त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. मी स्टुलावर बसलो आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने कुंपणापलीकडचा गलका एका बाजूने विरत गेला, रांगेमागून रांग, आणि कर्णे पुन्हा खरखरले. माझं नाव पुन्हा पुकारलं जात होतं, आडनावासकट, या खेपेला बरंच चढ्या आवाजात. बाईंनी ओठावर बोट ठेवून कर्ण्याकडे रागाने पाहिलं. मी वाजवत राहिलो.